चार प्रश्नांची वही

हाटकेश, मीरा रोड
रविवार, दुपारी जेवण उरकल्यावर

ती. अक्कास,
धाकट्या गुणवंताने तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय असं समजावं.

पत्र पाहून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. (होण्यासारखं इथे माझ्याशिवाय कुणी नाहीच.) तुझा गुडघा आता जरा ऐकत असेल, गाय सुखरूप व्याली असेल, परसातली केळ वानरांनी तुझ्यासाठी थोडी तरी ठेवली असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. डावा खांदा धरतो, पण तो माझाच खांदा असल्यामुळे तक्रार कुणाकडे नेणार?

डब्यांचा कारखाना वापीला गेला हे तुला फोनवर सांगितलंच आहे. (बहुतेक चार वेळा.) सव्वीस वर्षं मी स्टीलच्या डब्यांची झाकणं तपासली. झाकण लावायचं, काढायचं, कानाशी नेऊन ‘टक्’ वाजतं का ते ऐकायचं, आणि रजिस्टरमध्ये ‘ठीक’ नाहीतर ‘बाद’ लिहायचं. एवढ्या कौशल्यावर त्रेपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार? पाच महिने घरी बसलो. आई गेल्यापासून घरात आवाज असा मिक्सरचाच, आणि मला एकट्याला चटणी ती किती लागणार! समोरचं गुजराती कुटुंब भलं आहे. भेटले की ‘केम छो’ म्हणतात आणि मी ‘मजामा’ म्हणेपर्यंत दार लावून घेतात. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणते, तिला मी ‘हो, करतो’ म्हणायला लागलो होतो. एक दिवस तिला ‘आज उकडतंय ना’ असंही म्हणालो, तेव्हा मागे सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखतो. बाद झाकणाकडे मी तसाच बघायचो.

म्हणून रुग्णसेवेच्या तीन महिन्यांच्या वर्गात नाव घातलं. स्टेशनजवळ एका मिठाईच्या दुकानावर तो वर्ग चालतो. (वर इंजेक्शनची माहिती आणि खालून जिलबीचा वास, असं शिक्षण मी पहिल्यांदाच घेतलं.) नाव नोंदवायला गेलो तर टेबलावरची मुलगी म्हणाली, “अंकल, बेटी को साथ लाना पड़ेगा.” मी म्हटलं, “बेटी नहीं है. मैं ही बेटी हूँ.” गडबडीत असं निघून गेलं. वर्गात एकोणीस मुली आणि मी. पहिले दोन दिवस सगळ्या मला बघून उभ्या राहायच्या, कारण मी तपासणीला आलेला साहेब आहे असा त्यांचा समज झाला होता.

शिकवायला पॅट्रिशिया मिस. उत्तनच्या. मुंबईत पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. अंगाने काडी, पण आवाज असा की बेशुद्ध रुग्णानेही उठून बसावं. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला शंभर पानी वही आणायला लावली. रोज काम झालं की एक पान लिहायचं आणि त्यात चार प्रश्नांची उत्तरं द्यायची: काय घडलं? मला काय वाटलं? त्यातून काय कळलं? पुढच्या वेळी काय करीन? मिस म्हणाल्या, हात पुसून घरी गेलात तर फक्त काम होतं; लिहिलंत तर शिकणं होतं. मला वाटलं, रजिस्टरच भरायचं ना, त्यात आपल्याला कोण हरवणार! मी लिहिलं: ‘सकाळी ९.१०. बाहुलीरूपी रुग्णास कूस बदलून दिली. चादर ताणली. सुरकुत्या: शून्य. ठीक.’ दुसऱ्या दिवशी वही परत आली. खाली लाल शाईत एकच वाक्य: ‘यात तुम्ही कुठे आहात?’ मी विचारात पडलो. मग त्याखाली माझा पूर्ण पत्ता लिहिला, इमारत, मजला, पिनकोड, जवळची खूण म्हणून पिठाची गिरणीसुद्धा. अक्का, ते वाचून मिसनी चष्मा काढून डोळे पुसले आणि वर्ग दहा मिनिटं लवकर सोडला.

मग समजलं की त्यांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मी ‘बरं वाटलं’ असं लिहिलं. ओळीने अकरा दिवस लिहिलं. बाराव्या दिवशी मिसनी ‘बरं’ या शब्दावर बंदी घातली, आणि मी उघडा पडलो. मला काय वाटलं हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मला ते कुठे ठेवलेलं असतं हेच माहीत नव्हतं. माझ्या शेजारी मिनल म्हणून एक मुलगी बसते, हुशार, फोनवर तिला सगळं सापडतं. तिने मला अशा वेळी वापरायच्या शब्दांची यादीच काढून दिली: भारावून गेलो, अंतर्मुख झालो, कृतकृत्य वाटलं. मी एकेक शब्द रोजच्या रोज खर्च करायला लागलो. ज्या दिवशी भांडं द्यायला आणि धुवायला शिकवलं (कसलं भांडं ते तुला कळलं असेल), त्या दिवशीच्या वाट्याला पहिला शब्द आला. ‘भांडं धुताना मी भारावून गेलो.’ मिसनी खाली लिहिलं: ‘नाकाला रुमाल बांधला होता का?’

असं दीड महिना चाललं आणि मग प्रत्यक्ष कामाला पाठवलं. मला मिळाले उत्तनचे मॅन्युएलबाबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पूर्वी स्वतःची होडी होती, आता ती मुलगा चालवतो. वर्षापूर्वी उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर वाचाही जवळजवळ गेली. बायको त्याच्या आधी वारलेली. मुलगा चार-चार दिवस समुद्रात, आणि सून, केली तिचं नाव, सकाळी मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात जाते ती एक वाजता परतते. म्हणजे नऊ ते एक, घरात बाबा आणि मी. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडून मी वेळेआधी पोहोचायचो. त्यांना पुसून काढायचं, कपडे बदलायचे, कपाटावरचा सोनेरी काड्यांचा चष्मा लावून खिडकीशी बसवायचं, पेपर समोर धरायचा, आणि बाराला चष्मा काढून ठेवून मऊ भात भरवायचा.

अक्का, तुला खरं सांगतो, पहिला आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. ऐकणारं माणूस मिळालं! मी त्यांना झाकणांबद्दल सगळं सांगितलं. दोन कप्प्यांचा डबा आणि तीन कप्प्यांचा डबा यांच्या झाकणांत काय फरक असतो. मालकाच्या धाकट्या भावाने पॉलिशचं मशीन कसं उलटं बसवलं होतं. आईच्या हातचं पिठलं. एक घास, एक गोष्ट. बाबा उठून जात नाहीत, दार लावत नाहीत, ‘बरं ठेवतो’ म्हणत नाहीत. (ठेवणार कुठे?) मला तर वाटलं, आमची मैत्री झाली. फक्त एक व्हायचं. चार-पाच घासांनंतर त्यांना ठसका लागायचा, चेहरा लाल व्हायचा, आणि मग ते ओठ मिटून भिंतीकडे बघायचे. मी वहीत लिहायचो: ‘घास ५. ठसके ३. रुग्णास भूक नाही.’ आणि दुसऱ्या प्रश्नाखाली, यादीप्रमाणे, ‘अंतर्मुख झालो.’

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर आले, वजन केलं. साडेतीन किलो उतरलं होतं. ते म्हणाले, आठ दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. डॉक्टर गेल्यावर केली दारातच मासळीच्या पाटीजवळ बसली. म्हणाली, “अंकल, नळी पप्पा ठेवणार न्हाय. चांगला हात हाय ना, उपटून टाकील. मागे सलाईन असाच उपटला.” आणि पदराने नाक पुसत मलाच विचारते, “तुम्ही तर येवढा प्रेमाने भरवता. मग खात का न्हाय?” मी पॅट्रिशिया मिसना फोन केला. मला वाटलं त्या काहीतरी औषध सांगतील. त्या म्हणाल्या, “गुणवंत, तुमची वही कुठे हाय? बाबांच्या पहिल्या पानापासून वाचा.” मी म्हटलं, मिस, मीच लिहिलीय, मला माहीत आहे त्यात काय आहे. तर म्हणाल्या, “लिहिलीय. वाचलीय कधी?”

खरं सांगायचं तर नव्हती. कारखान्यातलं रजिस्टर भरलं की गोदामात जायचं. परत उघडून बघितलं असं कधी झालंच नाही. मी ओट्याच्या पायरीवर बसलो. समोर बोंबील वाळत घातलेले, एक मांजर त्यांच्याकडे बघतंय आणि मी वहीकडे. अठरा पानं वाचली. आधी माझं मलाच हसू आलं, कारण ‘कृतकृत्य’ हा शब्द मी तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला होता. मग मधलं एक पान आलं. मंगळवार. ‘आज घसा बसल्यामुळे बोलता आले नाही. घास २२. ठसके शून्य. वाटी संपली. रुग्णास भूक लागली असावी.’

मी ते पान दोनदा वाचलं. मग बोट ठेवून मागची-पुढची सगळी पानं पाहिली. ज्या दिवशी मालकाच्या भावाची लांबलचक गोष्ट सांगितली त्या दिवशी ठसके पाच. पेपरमधली बातमी वाचून दाखवली, ठसके चार. घसा बसला होता तो एकच दिवस शून्य. अक्का, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. एक झाकण वाकडं असेल तर मी हजारातून उचलून काढायचो, आणि इथे तीन आठवडे माझ्या नाकासमोर होतं ते मला दिसलं नाही. ते बिचारे मला उत्तर द्यायला बघत होते! पाहुणा बोलतोय, आपण गप्प कसं राहायचं, या जुन्या माणसांच्या रीतीने तोंडात घास असताना ते हुंकार द्यायला जायचे, आणि घास अडकायचा. मग त्यांना खाण्याचीच भीती बसली. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाशी जेवताना गप्पा मारू नयेत, हे मिसनी दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी लिहून घेतलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

त्या दिवशी वहीत ‘मला काय वाटलं’ याखाली यादीतला शब्द लिहावासा वाटला नाही. लिहिलं: ‘घरी बोलायला कुणी नाही. म्हणून मी इथे येऊन सगळं बोलून घेतो. समोरच्याला जेवता येतंय की नाही हे मी बघितलं नाही. लाज वाटली.’ सव्वादोन ओळी. लिहायला पाऊण तास लागला. मिसनी त्यावर काही शेरा मारला नाही, फक्त छोटी टिक केली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून पुढे गेल्या. (डावा खांदा. तेव्हा दुखला नाही.)

दुसऱ्या दिवसापासून मी गप्प बसून भरवायला लागलो. तुला हसू येईल, पण माझ्यासाठी हे जिने चढण्यापेक्षा अवघड काम होतं. एक घास दिला की ते पुष्कळ वेळ चावतात, मग थांबतात, मग गिळतात, मग पुन्हा थांबतात. एवढ्या वेळात माझ्या तोंडाशी तीन गोष्टी येऊन परत जायच्या. घड्याळ ऐकू यायचं. बाहेर कुणी जाळं झटकतंय ते ऐकू यायचं. त्यांच्या गळ्याचा मणी वर जातो आणि खाली येतो, तो मी पहिल्यांदा पाहिला. पहिल्या दिवशी चौदा घास. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी वाटी संपली, मी तोंड पुसून दिलं, आणि उठणार तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं ‘ती... ती...’ असं येई. आधीचा मी असतो तर ‘तीळ? तीर्थ? तीन वाजले?’ करून शब्दांची रांग लावली असती. मी थांबलो. किती वेळ थांबलो ते वहीत लिहायचं राहिलं. शेवटी त्यांनी कपाटावरच्या चष्म्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “तिचा.”

मला काहीच कळेना. तेवढ्यात केली बाजारातून आली. तिने चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. “अंकल! तो मम्मीचा चष्मा हाय! पप्पाचा खणात हाय!” म्हणजे तीन आठवडे, अक्का, मी त्या माणसाला रोज सकाळी त्याच्या मेलेल्या बायकोचा चष्मा चढवून खिडकीशी बसवत होतो, समोर पेपर धरत होतो, आणि ते डोळे बारीक करून बघतात म्हणून वहीत ‘वाचनात रस’ असं लिहीत होतो! ते मान फिरवायचे तेव्हा ‘चष्म्यास किरकोळ विरोध’. केली हसता हसता रडायला लागली, मग नुसतीच रडायला लागली. बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसत होते. मी खणातला चष्मा काढून, पुसून, त्यांच्या डोळ्यांवर लावला. त्यांनी माझ्याकडे नीट, बराच वेळ, पहिल्यांदाच बघितलं. बघून फारसे खूष झाले असं काही वाटलं नाही. तिच्या चष्म्यातून मी निदान बरा दिसत असेन.

आठव्या दिवशी डॉक्टर आले. वजन सहाशे ग्रॅम वाढलं होतं. नळी टळली. केलीने मला कागदात बांधून सुके बोंबील दिले, ते मी अजून भाजलेले नाहीत. एकट्यासाठी भाजले की वास सगळ्या मजल्याला आणि खाणारा एक, असं होतं. बाबा आता जेवण झाल्यावर रोज एखादा शब्द बोलतात. काल ‘वारा’ म्हणाले. मी खिडकी उघडली. तर म्हणे, “न्हाय. बंद.” मी बंद केली.

असं सगळं आहे. वही भरत आली आहे, दुसरी आणीन म्हणतो. गावातल्या सर्वांना माझा नमस्कार सांग, लहानांना आशीर्वाद, गाईच्या पाठीवरून एक हात फिरव. औषध वेळेवर घे. उन्हात लाकडं वेचायला जाऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
गुणवंत

ता. क. मॅन्युएलबाबांना मी पूर्ण बरं केलं अशी समजूत करून घेऊ नकोस. दर शुक्रवारी दुधी भोपळा असतो, तेव्हा मी कितीही गप्प बसलो तरी ते तोंड उघडत नाहीत. तिथे माझा दोष नाही. भोपळ्याचा आहे.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे मीच ती टाळत आलो. भावोजी तीन वर्षं अंथरुणावर होते. त्या तीन वर्षांत मी तुला दर रविवारी फोन केला, आणि त्याचा मला अभिमान होता. शेवटच्या रविवारी तू म्हणालीस, “गुणा, ह्यांनी चार दिवस काही खाल्लं नाही रे.” मी ‘हो का’ म्हणालो. आणि मग अर्धा तास तुला नवीन पॉलिश मशीनबद्दल सांगितलं. तू ‘हं, हं’ करत ऐकत राहिलीस. बुधवारी ते गेले. परवा बाबांची वाटी धुताना हे एकाएकी आठवलं आणि नळ तसाच सोडून मी खाली बसलो. वहीत लिहायला घेतलं. फोनवर काय घडलं ते लिहून झालं. पुढे लिहिता येईना, कारण तुझ्याकडे काय घडलं ते मला ठाऊकच नाही. ते चार दिवस तू काय केलंस? पाणी तरी घेत होते का? तुझ्याजवळ कुणी होतं का? तू जेवत होतीस का? अक्का, ते मला लिहून पाठव. तुझी सातवीपर्यंतची शाळा आणि ते टपोरं अक्षर मला पुरे आहे. घाई नाही. एका वेळी एक दिवस लिहिलास तरी चालेल.

ता. क. तिसरा. माझा पत्ता लिहून, तिकिटं लावून चार पाकिटं सोबत ठेवली आहेत. हे फोनवर सांगू नकोस. फोनवर मी मधेच बोलायला लागेन. पत्र वाचताना मधे बोलता येत नाही.